कान, डोळे आणि प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे

दरवर्षी ८ जूनला दुपारी तीन वाजता चीनमधली शहरे आपला आवाज खाली आणतात. परीक्षा केंद्रांच्या आसपासची बांधकामे थांबलेली असतात, गाड्यांच्या हॉर्नला बंदी असते, चौकात पोलीस उभे असतात. आत वर्गात शाळेच्या शेवटच्या वर्षातली मुले ध्वनिवर्धकाकडे कान देऊन बसलेली असतात. ‘गाओकाओ’ या महाविद्यालय प्रवेश परीक्षेतला इंग्रजीचा पेपर बहुतेक प्रांतांत ऐकण्याच्या भागाने सुरू होतो. सुमारे २० मिनिटे, २० प्रश्न, ३० गुण. पहिले पाच छोटे संवाद एकदाच ऐकवले जातात, पुढचे लांब संवाद दोनदा. छापलेल्या उताऱ्यावर नजर पुन्हा मागे नेता येते. कानावरून गेलेले वाक्य गेलेच. एवढ्या २० मिनिटांसाठी शहर शांत होते, कारण त्या गुणांवर कुणाचे तरी विद्यापीठ ठरणार असते.

ही परीक्षा किती मोलाची आहे, हे तिच्या इतिहासावरून कळते. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात, १९६६ पासून, ती बंद होती. १९७७ च्या हिवाळ्यात ती पुन्हा सुरू झाली तेव्हा ५७ लाख उमेदवार बसले आणि त्यातल्या जेमतेम २ लाख ७० हजारांना प्रवेश मिळाला. आता महाविद्यालयांच्या जागा अनेक पटींनी वाढल्या आहेत, पण २०२४ मध्ये नोंदणी झालेल्या विद्यार्थ्यांची संख्याही १ कोटी ३४ लाखांवर गेली. नामांकित विद्यापीठांच्या दारातली रांग काही लहान झालेली नाही. एकूण ७५० गुणांपैकी चिनी भाषा, गणित आणि परदेशी भाषा यांना प्रत्येकी १५० गुण. परदेशी भाषा म्हणजे बहुतेकांसाठी इंग्रजीच. त्या १५० पैकी नव्या स्वरूपात ऐकण्याला ३० आणि वाचून समजण्याला ५०, म्हणजे निम्म्याहून अधिक गुण आकलनाचे. खेड्यातल्या मुलाने घरी कधीही न ऐकलेली भाषा कानाने आणि डोळ्याने किती पकडली, यावर त्याचे पुढचे आयुष्य बरेचसे अवलंबून राहते.

साहजिकच सराव जोरात चालतो. सराव म्हणजे प्रश्नपत्रिका: मागील वर्षांच्या, इतर प्रांतांच्या, नामवंत शाळांनी काढलेल्या. वर्गात बाकांवर त्यांचे गठ्ठे रचलेले असतात. त्यांच्याबरोबर क्लृप्त्याही शिकवल्या जातात: ध्वनिफीत सुरू होण्याआधी पर्याय वाचून घ्या, ‘पण’ या अर्थाचा शब्द आला की कान टवकारा, उतारा वाचण्याआधी प्रश्न वाचा, टोकाचे विधान करणारा पर्याय आधी खोडा. ऐकण्याच्या भागाच्या सुरुवातीला नमुन्यादाखल एक प्रश्न सोडवून दाखवलेला असतो. शर्टची किंमत काय? उत्तर, ९ पौंड १५ पेन्स. चीनमधल्या कित्येक पिढ्यांना हे उत्तर तोंडपाठ आहे. ते ऐकण्यासाठी इंग्रजी येण्याची गरजच उरलेली नाही. गमतीचा भाग सोडला तरी सरावाच्या या पद्धतीचा दोष त्यात नेमका दिसतो. प्रश्नपत्रिका ओळखीची होत जाते, भाषा तितकी होतेच असे नाही.

याकडे शिक्षणशास्त्राचा प्रश्न म्हणून तर पाहावेच, पण आरोग्याचा आणि मेंदूविज्ञानाचा प्रश्न म्हणूनही पाहायला हवे. कारण आकलन हे पोहण्यासारखे एकच एक कौशल्य नाही, आणि त्याच्या सरावाची किंमत डोळे, कान आणि झोप मोजत असतात.

आधी कानाचे पाहू. छापील वाक्यात दोन शब्दांमध्ये मोकळी जागा असते. बोललेल्या वाक्यात ती नसते. आवाजाचा एक अखंड प्रवाह येतो आणि त्याचे शब्द पाडण्याचे काम ऐकणाऱ्याच्या मेंदूला करावे लागते. मातृभाषेत हे इतक्या सहज होते की त्याची जाणीवही होत नाही. परकी भाषा ‘फार भरभर बोलतात’ असे वाटते त्याचे एक मोठे कारण हेच. इंग्रजीत तर बिनमहत्त्वाचे शब्द गिळण्याचीच रीत आहे. ‘डिड ही आस्क हर’ हे चार शब्द बोलताना ‘डिडीआस्कर’ असे एकसंध होतात. शब्दसूचीतून चारही शब्द पाठ केलेल्या मुलाला ते ऐकताना एकही ओळखू येत नाही.

त्यात मँडरिन चिनीची घडण वेगळी. तिची अक्षरे बहुतेक स्वराने किंवा ‘न’, ‘ङ’ अशा अनुनासिकाने संपतात. शेवटी व्यंजनांचे जुडगे येत नाही. इंग्रजीत मात्र भूतकाळ कधीकधी शेवटच्या एका ‘ट्’वर उभा असतो. ‘वॉक’ आणि ‘वॉक्ट’ यांतला फरक कानाने टिपला नाही, तर काम झाले की रोज होते, हेच कळत नाही. कानाला ही सवय लहानपणी आपल्या भाषेकडून लागते. पॅट्रिशिया कूल यांनी सहकाऱ्यांसह २००३ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग इथे आठवावा असा आहे. अमेरिकेतल्या नऊ महिन्यांच्या बाळांना मँडरिन बोलणाऱ्या माणसांनी १२ वेळा भेटून गोष्टी वाचून दाखवल्या, खेळवले. त्या बाळांना मँडरिनमधले जवळचे ध्वनी वेगळे ओळखता येऊ लागले. दुसऱ्या बाळांना तेच सारे चित्रफितीतून किंवा नुसत्या आवाजातून मिळाले. त्यांच्यात हा फरक दिसला नाही. सतरा वर्षांचा मुलगा म्हणजे बाळ नव्हे, तो ध्वनिफितीतूनही शिकू शकतो. पण ऐकणे हे मुळात माणसाशी होणाऱ्या देवाणघेवाणीतून घडते, ही गोष्ट त्या प्रयोगातून निसटू देऊ नये.

म्हणून एका दिवसात ध्वनिफितींचे तीन संच सोडवून चुका मोजण्यापेक्षा एकच संच नीट हाताळलेला बरा. ऐकावे, ऐकले ते लिहून काढावे, मग छापील संहितेशी ताडून पाहावे. कुठला शब्द गिळला गेला, कुठले दोन शब्द जोडले गेले, हे पाहून पुन्हा ऐकावे आणि स्वतः मोठ्याने म्हणावे. ही जुनी श्रुतलेखनाचीच पद्धत. ती कंटाळवाणी आहे, तिच्यातून गुणांचा आकडा लगेच मिळत नाही, म्हणूनच परीक्षेच्या घाईत ती पहिली गळते. ‘ब’ ऐवजी ‘क’ हवे होते, एवढे कळून कानाला काहीच कळत नाही.

आता वाचनाचे. फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ मध्ये मांडलेले सूत्र सोपे आहे: वाचून समजणे म्हणजे लिहिलेले शब्द उलगडता येणे गुणिले भाषा समजणे. दोनपैकी एक शून्य असेल तर गुणाकार शून्य. पण भाषा समजण्यात शब्दांपलीकडचेही काही येते. डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी १९८८ मध्ये अमेरिकेतल्या सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या सामन्याचे वर्णन वाचायला दिले. वाचनात कच्ची, पण बेसबॉल जाणणारी मुले, वाचनात पक्की पण बेसबॉल न जाणणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. ज्याला क्रिकेट कळते त्याला हे वेगळे सांगायला नको. ‘नाइट वॉचमन’ला रात्रपाळीचा पहारेकरी समजणाऱ्याने शब्दकोश पाठ केला तरी सामन्याची बातमी त्याला कळणार नाही.

याचा अर्थ ‘मुख्य कल्पना शोधा’, ‘लेखकाचा सूर ओळखा’ असल्या युक्त्यांना मर्यादा आहेत. सुरुवातीला त्या कामी येतात; नंतर उतारा ज्या विषयाचा आहे त्याची माहिती आणि शब्दांचा साठाच कामाला येतो. शब्दांचा हिशेबही कठोर आहे. पॉल नेशन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासांनुसार मजकूर आधाराविना नीट समजण्यासाठी त्यातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात, म्हणजे पन्नास शब्दांत एखादाच अनोळखी. गाओकाओसाठी साधारण तीन-साडेतीन हजार शब्द अपेक्षित धरले जातात. तेवढ्या शब्दांना बेतून उतारे घेतले जातात म्हणून परीक्षा सुटते. परीक्षेबाहेरचे इंग्रजी वर्तमानपत्र उघडले की तोच विद्यार्थी अडखळतो. विद्यापीठात पोचल्यावर संदर्भग्रंथ समोर येतात तेव्हा हा खड्डा उघडा पडतो.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. परीक्षा देण्याने स्मरण पक्के होते, हे विज्ञानानेच दाखवले आहे ना? दाखवले आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांच्या २००६ च्या प्रयोगात एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्याने एकदा अभ्यासून मग तो आठवून लिहिण्याची चाचणी वारंवार दिली. पाच मिनिटांनंतर वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर चित्र उलटले: चाचणी देणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के आठवत होते, नुसते वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के. पण या प्रयोगातली चाचणी म्हणजे काय होते, ते पाहायला हवे. मुलांनी वाचलेला मजकूर कोऱ्या कागदावर आपल्या शब्दांत उतरवला होता. चार पर्यायांतून तीन खोडण्याचा तो खेळ नव्हता. उतारा वाचून पान उलटे ठेवावे आणि त्यात काय होते ते सांगावे, हा सराव विज्ञानाला धरून आहे. उतारा न वाचताच उत्तर कसे हुडकावे, हा सराव नाही.

दुसरा आक्षेप अधिक जिव्हाळ्याचा. शांघायच्या मुलाकडे परदेशी शिक्षक, प्रवास, इंग्रजी चित्रपट सारे असते. डोंगराळ प्रांतातल्या मुलाकडे प्रश्नपत्रिकेशिवाय काय असते? अन्हुई प्रांतातले माओतानछांग हे छोटे गाव गाओकाओच्या तयारीसाठीच देशभर ओळखले जाते. आईवडील तिथे खोली भाड्याने घेऊन मुलांसोबत राहतात. त्यांना मूर्ख ठरवणे सोपे आहे आणि अन्यायाचेही. ज्याच्या हाती दुसरी शिडी नाही त्याने ही शिडी घट्ट धरली तर चूक त्याची नाही. पण नेमक्या याच मुलांना गठ्ठ्यांपलीकडचे काही स्वस्तात देता येते. फिजीच्या ग्रामीण भागात वॉरविक एली आणि फ्रान्सिस मांगुभाई यांनी केलेला प्रयोग १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुस्तकांचा दुष्काळ असलेल्या आठ शाळांत चौथी-पाचवीच्या प्रत्येक वर्गाला इंग्रजीतली २५० सचित्र गोष्टींची पुस्तके दिली गेली. आठ महिन्यांनी पाहिले तर या मुलांची वाचून समजण्यातली प्रगती नेहमीच्या दुप्पट वेगाने झाली होती. आणि ऐकून समजण्यातलीही. गोष्टी वाचल्याने कानही तयार झाला. तिथे ना महागडे यंत्र होते, ना परदेशी शिक्षक.

आता सरावाच्या बिलाकडे. चीनच्या राष्ट्रीय आरोग्य आयोगाच्या २०१८ च्या पाहणीत उच्च माध्यमिक शाळेतली ८१ टक्के मुले मायनस नंबरची, म्हणजे लांबचे धूसर दिसणारी निघाली. प्राथमिक शाळेत हे प्रमाण ३६ टक्के होते. आनुवंशिकता आहेच, पण शिक्षणाचा वाटा नाकारता येत नाही. ब्रिटनमधल्या जनुकीय माहितीवर आधारलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शिक्षणाच्या प्रत्येक जादा वर्षामागे चष्म्याचा नंबर सुमारे पाव डायऑप्टरने मायनसकडे सरकताना दिसला. दिलासा देणारा पुरावाही चीनमधलाच आहे. क्वांगचौ शहरातल्या १२ प्राथमिक शाळांपैकी निम्म्या शाळांत रोज ४० मिनिटांचा एक तास मोकळ्या हवेत घेतला गेला. तीन वर्षांत त्या शाळांतल्या ३०.४ टक्के मुलांना नव्याने मायोपिया झाला, इतर शाळांत ३९.५ टक्क्यांना. भर उजेडात डोळ्याच्या पडद्यावर डोपामिन अधिक स्रवते आणि त्यामुळे बुबुळामागचा गोल लांबत जाण्याचा वेग कमी होतो, असे मानले जाते. एकदा लांबलेला डोळा आखूड होत नाही, आणि फार मोठा नंबर उतारवयात पडदा सुटण्याचा धोका वाढवतो. वाचनाच्या परीक्षेसाठी डोळेच खर्ची घालणे हा कुठला हिशेब?

कानाचेही तसेच. गजबजलेल्या वसतिगृहात किंवा बसमध्ये इअरफोन लावून सराव करणारा मुलगा बाहेरचा आवाज झाकण्यासाठी आतला आवाज वाढवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास चालू शकतो. ९० डेसिबलला ही मुदत चार तासांवर येते. आतल्या कानातल्या सूक्ष्म केसपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. आणि पहिले बाधित होतात ते उंच पट्टीचे सूर, ज्यांत ‘स’, ‘फ’, ‘थ’ यांसारखी व्यंजने असतात. इंग्रजी ऐकताना जे आधीच निसटते, तेच आणखी निसटू लागते.

उरली झोप. जॉन जेंकिन्स आणि कार्ल डालेनबाख यांनी १९२४ मध्येच दाखवले होते, की पाठ केल्यावर झोपलेल्या माणसाला, तेवढाच वेळ जागे राहिलेल्या माणसापेक्षा अधिक आठवते. पुढच्या शतकभरात या निष्कर्षाला भरपूर पुष्टी मिळाली. दिवसा ऐकलेले शब्द आणि ध्वनी मेंदू झोपेत लावून ठेवतो. रात्री अकरानंतर सोडवलेला जादा संच उद्याच्या झोपेतून उचल घेतो आणि आज शिकलेलेही पुरते जमा होऊ देत नाही. २०२१ मध्ये चीनच्या शिक्षण मंत्रालयाने प्राथमिकच्या मुलांना १०, माध्यमिकच्या ९ आणि उच्च माध्यमिकच्या मुलांना ८ तास झोप मिळायला हवी, असे सूचनापत्र काढले. झोपेसारख्या गोष्टीसाठी मंत्रालयाला पत्र काढावे लागते, यातच सारे आले.

बदलाची सुरुवात चीनमध्ये दिसते आहे. बीजिंगमध्ये ऐकण्याची आणि बोलण्याची परीक्षा मुख्य पेपरापासून वेगळी, संगणकावर होते. ती वर्षात दोनदा देता येते आणि त्यातले चांगले गुण धरले जातात. एका दुपारच्या २० मिनिटांवरचे ओझे त्यामुळे हलके होते, आणि ऐकण्याला बोलण्याची जोड मिळते. हे इतर प्रांतांत पोचायला हवे. परीक्षेची रचना बदलली की सरावाची रचना बदलते. उपदेशाने ती बदलल्याचे उदाहरण क्वचितच सापडते.

महाराष्ट्रातल्या वाचकाला यात आपलेही घर दिसेल. इथे ‘अपेक्षित’ प्रश्नसंचांवर पिढ्या दहावी झाल्या. मराठी माध्यमातून आलेली मुले अकरावी विज्ञानाला एकदम इंग्रजी व्याख्यानांसमोर बसतात. दहावीच्या इंग्रजीत उत्तम गुण असूनही पहिले काही महिने त्यांच्या कानावरून नुसते पाणी जाते. चीन आणि महाराष्ट्र यांना जोडणारे एक नाव मात्र वेगळी वाट दाखवते. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, तेव्हा ते तरुण डॉक्टर होते, भाषा शिकण्याचे ‘योग्य वय’ उलटलेले. जखमी सैनिकांना काय होते आहे हे समजून घेण्यासाठी ते चिनी शिकले आणि पुढे त्याच भाषेत विद्यार्थ्यांना वैद्यक शिकवू लागले. त्यांच्यासमोर पर्याय नव्हते, माणसे होती.

प्रत्येक मुलाला असा प्रसंग मिळणार नाही, आणि परीक्षाही राहणारच. ती वाईट आहे असेही नाही. वशिल्यापेक्षा गुणपत्रिका बरी, हे गरिबाला नेहमीच ठाऊक असते. फक्त परीक्षा मोजते आणि अभ्यास भरतो, ही दोन कामे वेगळी आहेत. मोजण्याची घाई झाली की भरायचे राहून जाते. आठवड्यातून एक प्रश्नपत्रिका पुरे; उरलेल्या दिवसांत गोष्टी, बातम्या, विज्ञानाचे सोपे लेख, थोडे ऐकणे, थोडे मोठ्याने बोलणे, तासभर ऊन आणि आठ तास झोप. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असे मराठीत उगाच म्हणत नाहीत. पोहरा कितीही वेळा सोडला तरी आडातले पाणी त्याने वाढत नाही. दोर मात्र झिजत जातो.